आठव्या घरट्याची काठी

३ जून

या अल्ला! सासऱ्यांनी अंडी धुतली! एकशेचार!

पहाटे कासवीण घालून गेली. तिची अंडी लगेच, न फिरवता, कासव केंद्राच्या कुंपणातल्या वाळूत पुरायची — एवढंच काम; उशिरा फिरवली की आतला जीव मरतो. आणि हे दुपारी विहिरीवर एकेक चोळून, दहा-दहाच्या राशी लावून बसलेले! 'वाळू लागलेलं अंडं बाजारात कोण घेतं, कलसूम?' चाळीस वर्षं कासवाची अंडी उकरून विकलेला माणूस. हातांना कोण समजावणार!

तशीच टोपलीत भरून दिली. आठव्या खड्ड्यात त्यांनीच पुरली. शेजारचं नववं घरटं माझं, तेही आजचंच.

४ जून

झोप नाही. केंद्राच्या नोरैनी मॅडम म्हणाल्या होत्या, 'सासऱ्यांचं पहिलं घरटं बघू, मग रखवालीवर ठेवायचं ठरवू.' ते फसलं की थोरले दीर सासऱ्यांना क्वालालंपूरला नेणार. सोळाव्या मजल्यावर! समुद्र दिसला नाही तर हे जेवत नाहीत!

पहाटे घरट्यांवरच्या नंबरांच्या काठ्या बदलल्या. आठ नंबरची माझ्या घरट्यावर, नऊची त्यांच्या. त्यांना मोतीबिंदू आहे, काठीवरचा ठळक आकडा तेवढा दिसतो. पाप लागलं तर मला लागू दे.

१९ जून

सासऱ्यांच्या रोज दोन्ही काठ्यांच्या मधोमध बसून अंड्यांशी गप्पा. 'लवकर या रे, सून ओरडते.' मी कधी ओरडले!

२७ जुलै

आठ नंबर फुटलं! शहाण्णव पिल्लं! टोपलीत मावेनात, सगळी समुद्राकडेच वळवळतायत. नारळाच्या दुधातला भात केला, शेजारी वाटला. सासरे म्हणाले, 'तुझ्या हाताला यश आहे हो.' माझ्या कुठल्या, तुमच्या! — म्हटलं. हसले नुसते.

३० जुलै

मॅडम आल्या, सासऱ्यांचं अभिनंदन करायला लागल्या. तर हे म्हणतात, 'ते घरटं सुनेचं. माझं हे.' आणि नऊची काठी उपटून हातांनी उकरायला बसले! मी मेले लाजेनं.

'वाळू उकरण्यात जन्म गेला, पोरी. माझा खड्डा मला कळणार नाही?'

सगळं सांगून टाकलं — अंडी धुतल्याचंसुद्धा. खाली बहुतेक नासलेली. पण अकरा पिल्लं जिवंत! अकरा!

मॅडमनी सासऱ्यांच्या नावापुढे अकराच लिहिली. मग सगळ्यांदेखत माझी अशी कानउघाडणी केली, की बस. जाताना सासऱ्यांना म्हणाल्या, 'उद्यापासून कामावर या. हिच्यावर लक्ष ठेवायला.'