सोमवारचा पांढरा पट्टा

सर, कराटेच्या शिबिरांतून भरलेली वही आणि कोरं अंग घेऊन घरी परतणाऱ्या आम्हा सगळ्यांची तुमच्याविरुद्ध एक तक्रार आहे. शिबिरातून एकच गोष्ट आणायची, हे तुम्ही शिकवलंत. आणल्यावर ती दाखवायची कुणाला, हे न सांगताच गेलात.

नव्वदच्या दशकातलं ते माझं पहिलं शिबिर. मुंबईहून मोठे प्रशिक्षक आले होते. दोन दिवस मी सगळं लिहून घेतलं, मध्येच उठून प्रश्नही विचारले, लोकांनी वळून पाहावं असे. सोमवारी सातपूरच्या शाळेच्या हॉलमध्ये येतो तर कारखान्यातून पहिली पाळी संपवून आलेले तुम्ही काळा पट्टा सोडून नवशिक्याचा पांढरा बांधताय. शिबिरानंतरच्या सोमवारी तुम्ही विद्यार्थी आणि आम्ही गुरू, हा तुमचा रिवाज मला ठाऊक नव्हता. रांगेच्या शेवटी उभे राहून तुम्ही म्हणालात, "शिकव." मी बोलू लागलो. तोल, श्वास, त्यामागचं तत्त्वज्ञान, वाचलेलं सगळं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "झालं? आता वळताना मागची टाच कुठे ठेवू?" मी म्हणालो, विसरलो.

"तुझ्या तोंडाला काळा पट्टा मिळालाय रे. पाय अजून पांढराच आहे."

सगळा हॉल हसला. तुम्ही हसला नाहीत. टाच उचलून तसेच थांबलात, मी सांगेन म्हणून.

पुढच्या शिबिराला मी वही नेली नाही. दोन दिवस प्रशिक्षकांच्या फक्त टाचेकडे बघितलं, जेवणाच्या सुट्टीत त्र्यंबकहून आलेल्या एका जोडीदाराबरोबर तेवढंच वळण घोटलं. सोमवारी हॉलला कुलूप होतं. रविवारी दुपारी तुमचं हृदय थांबलं होतं. शिबिरात होतो म्हणून आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं.

आता शिबिरं मीच घेतो. टाळ्या पडतात, प्रमाणपत्रं हातात धरून फोटो निघतात. सोमवारी विचारतो, काय आणलंत? तर विद्यार्थी माझीच वाक्यं मला म्हणून दाखवतात. दोष त्यांचा नाही. सगळे गेल्यावर मी एकटाच ते वळण घेतो. समोर कुणी नसतं.

एक कबूल करतो. त्या दिवशी मी विसरलो नव्हतो. मी पाहिलंच नव्हतं, लिहीत होतो.

काकूंनी दिलेल्या तुमच्या पांढऱ्या पट्ट्याच्या घडीत हा कागद ठेवून देतोय. तुम्ही मात्र अजून तसेच उभे आहात, माझ्या उत्तरासाठी.

सर, टाच खाली टेकवा.