हलकी सायकल कुणाला हवी होती?

प्रिय दादा,

(आणि वहिनी, वाचून तुम्हीच दाखवणार, म्हणून आधीच सांगते: रागाची वाक्यं गाळू नका. ती मी जपून लिहिली आहेत.)

मी सायकल घेतली. ‘ह्या वयात?’ असं तू म्हणायच्या आधी दुकानदारानंच म्हणून घेतलंय, फक्त जरा आदबीनं. मग त्यानं कार्बनची फ्रेम करंगळीवर उचलून दाखवली. बघा ताई, किती हलकी! म्हटलं, आपटली तर? म्हणे, आपटायची नाही. तडा आतल्या आत जातो, बाहेरून कळतही नाही. अरे, मग ही सायकल की काचेची बरणी? अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही म्हणाला. पण बसून पाहिलं, तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. टायटॅनियमचा भाव ऐकून मी प्यायला पाणी मागितलं. आणि पोलादाचं नाव काढताच त्यानं असं तोंड केलं, जणू मी बैलगाडी मागितली. जड असते हो!

जड! आठवडाभर जो तो मला वजनं सांगतोय. संस्कृत शिकवण्यात जन्म गेला, म्हणून समोरच्यांचा पूर्वपक्ष आधी मुकाट ऐकून घेतला. पण सायकल काय डोक्यावर घेऊन मिरवायची असते? तुझी काळी पोलादी आठव. दांडीवर मी, कॅरिअरला पुस्तकांचं गाठोडं, हँडलला पिशव्या, आणि तू उभा राहून पायडल मारत शाळेचा चढ चढायचास. मोडली की कोपऱ्यावरचा वेल्डर जोडून द्यायचा. ‘जड झालीस गं कार्टे’ म्हणायचास, पण उतरवलं एकदाही नाहीस.

तीच सायकल तू विकलीस, मला न विचारता! वर परवा फोनवर ऐकवतोस, डोळे गेल्यापासून मी सगळ्यांना भार झालोय, घरातच बरा. कुठून शिकलास रे हे? आपल्या घरात असं कुणी बोलत नसे.

तर आता सिद्धान्त ऐक. सायकल पोलादाचीच, वेल्डरकडून मुद्दाम बनवून घेतलेली. लांबलचक, दोन सीटांची. पुढे हँडल, ब्रेक आणि मी. मागे नुसते पायडल आणि तू. मागच्या गृहस्थांचं वजन किती, असं त्यानं विचारलं. वहिनींचा स्वयंपाक ध्यानात घेऊन मी जरा वाढवूनच सांगितलं. रविवारी सकाळी दारात येते, बूट घालून बस. चढावर फुकट बसायचं नाही, पाय चालवायचे. जड झालास तर तोंडावर म्हणेन. उतरवणार मात्र नाही.

तुझीच,
कार्टी