ईटार्ड आणि सखुआजीचा गुडघा

रविवार, संध्याकाळ. लातूर, हॉस्टेल.

आजच्या टेस्टमध्ये ईटार्ड रिॲक्शन पुन्हा चुकली. टोल्युइनचं बेंझाल्डिहाइड होतं आणि ते तिथंच थांबतं, हे मला झोपेतही येतं. तरी खूण केली बेंझोइक ॲसिडवर, एक पायरी पुढं. का? काही मध्येच थांबू शकतं, हे मला पटतच नाही का?

डॉक्टरकीसाठीची नीट परीक्षा रिपीट करायचं हे दुसरं वर्ष. मला नुसती बीएस्सी करायचीय, केमिस्ट्रीत. आज बाबांना सांगायचंच, असं ठरवून गावी, इस्लापूरला फोन लावला. बाबांनी माझं ऐकायच्या आधीच फोन शेजारच्या सखुआजीला दिला.

"डॉक्टरीणबाई, गुडघा लई दुखून राहिला वं. काय करू?"

आजी, मी अजून कुणीच नाही, एवढंच म्हणायचं होतं. म्हणाले काय, तर "मिठानं शेका, अन् जिना चढू नका." आजीच्या घराला जिनाच नाही!

मागून बाबा केवढ्यानं हसले. "हाव, डॉक्टरनं सांगितलं तसंच करा." बीएस्सीचं तिथंच थांबलं.

आजीला आराम पडला, तर उद्या सगळं गाव फोन करंल. खोटं कशाला लिहू? तिचा गुडघा बरा होऊ नये, असं वाटून राहिलंय.