काजळी मिसळलेला हिरवा

तीर्थरूप दादा,

संग्रहालयाच्या मॉडेलसाठी शत्रूच्या विमानाचा रंग हुबेहूब हवा, असं तू म्हणालास, म्हणून बाबांच्या खोलीतली ती चौकट उघडली. त्यांनी पाडलेल्या विमानाच्या पंखावर ताणलेल्या कापडाचा तो तुकडा आपण जन्मभर काचेतूनच पाहिला. उन्हाने पार विटलाय. पण लाकडाखाली दबलेली कड अजून ताजी निघाली.

तिथला रंग मी लगेच ओळखला. बाबांनी मला घोटायला शिकवलेला पहिला रंग तोच. युद्धात तळावरचा हिरवा संपत आला, तेव्हा त्यांनी त्यात कंदिलाची काजळी मिसळली होती. तो दोनच विमानांना पुरला. एक बाबांचं, ते सुखरूप परत आलं. दुसरं त्यांच्या जिवलग मित्राचं, म्हणजे तुझ्या जन्मदात्याचं. बाबांनी शत्रूचं विमान पाडलं, त्याच दिवशी ते गेलं.

नजरचुकीने झालं असेल, अशी मनाची समजूत घालतोय. पण आपली चूक कुणी काच लावून भिंतीवर टांगतं का? वर्षाच्या आत त्यांनी आईशी लग्न केलं, तुला पोटच्या पोरासारखं वाढवलं. मला त्यात आजवर मोठेपणाच दिसायचा.

मॉडेलला मी पुस्तकात दिलेला शत्रूच्या विमानांचा तपकिरी दिलाय.

तुकडा परत बसवत होतो, तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली.

"जुळला का रंग?"

मी ताजी कड लाकडाखाली सारली.

"दादाला कळवू नकोस," ती म्हणाली, आणि चौकट स्वतःच्या हाताने पुन्हा खिळ्याला अडकवली.

तुझा,
धाकटा