हाइनरकाका, तू नेहमी चौथाच का यायचास?

प्रिय हाइनरकाका,

तू माझ्या गाडीची किल्ली काढून गाईंच्या कुरणात भिरकावलीस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. काल तुझ्या अंत्यविधीला हेच सांगायचं होतं. तुझ्या मार्गारेटने मला बोलायला उभंही केलं. पण मी नुसता उभा राहिलो आणि खाली बसलो. इंग्रजीत मला फक्त भांडता येतं! म्हणून आज मराठीत लिहितोय, तुझ्याच गॅरेजमध्ये, तुझ्याच स्टुलावर बसून. तुला एक अक्षर कळणार नाही, ते बरंच आहे.

'काका' आईने जोडलं. "बापाच्या वयाच्या माणसाला नुसतं हाइनर काय म्हणतोस?" तुला कोण आनंद झाला होता! तिची थालीपिठं तू प्लमचा जॅम लावून खायचास. आई तोंड फिरवायची, पण पुढच्या वेळी जास्त पाठवायची.

राग आहे माझा तुझ्यावर. हॉस्पिटलात भरती झालास आणि मला सांगितलंस, "जरा पाठ दाखवून येतो." आई त्याच वॉर्डात नर्स. तिलाही गप्प बसवलंस. "पोरगा आरडाओरडा करेल," म्हणालास म्हणे. केलाच असता. पण आलो असतो ना रे!

तो किल्लीचा दिवस आठवतो? मंजिरी सकाळीच माझ्यावर उखडली होती. मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडून तुझ्याकडे कामाला लागलो, हे तिच्या घरी ठाऊक नव्हतं. गणपतीत तिचे बाबा सगळ्यांसमोर विचारायचे, "काय इंजिनिअर, डिग्री कधी?" आणि मी बैलासारखी मान हलवायचो. मंजिरी म्हणाली, "बाबांना सांग. मला तुझ्यासाठी खोटं बोलायचा कंटाळा आलाय." मी म्हटलं, आधी स्वतःचं गॅरेज होऊ दे, मग ताठ मानेने सांगेन. तिने फोन आपटला.

आणि मी नवे ब्रेक बघायच्या निमित्ताने तुला शेजारी बसवून हॅमिल्टनबाहेर गाडी पिसाटासारखी हाणली. तू ओरडला नाहीस. फक्त म्हणालास, "थांबव. पुढे गाय आहे."

थांबवली. "कुठाय गाय?"

"येईल," म्हणालास, आणि किल्ली कुंपणापलीकडे!

मी शिव्या घातल्या. तू शांतपणे तारेखालून वाकून आत शिरलास. "चल, शोधू. शोधता शोधता डोकं थंड होतं." शेणातून गुडघ्यावर रांगणारा मी, आणि शेजारी युरोपातले ट्रॅक गाजवलेला ड्रायव्हर! गाई बघत होत्या.

तिथेच तू पहिल्यांदा सगळं बोललास. कोलोनजवळचं गाव, बापाची बेकरी, पावाची व्हॅन वळणांवरून पळवत शिकलेलं ड्रायव्हिंग. मग घाटातल्या शर्यती, मग टूरिंग कार, म्हणजे रोजच्या चारदारी गाड्यांसारख्या दिसणाऱ्या, दाराला दार घासत धावणाऱ्या गाड्या. मी विचारलं, "मग गॅरेजातल्या सगळ्या फोटोंत तू चौथाच कसा?"

तू हसलास. त्या शर्यतींचा नियम सांगितलास. पहिल्या तिघांच्या गाडीत पुढच्या शर्यतीला शिशाचं वजन ठेवतात. जिंकलास तर जड होऊन पळायचं. तुझ्या डोक्यात एकच शर्यत होती, वर्षातली शेवटची, घरच्या ट्रॅकवरची. बाप येणार होता, बेकरीला कुलूप लावून. त्या दिवशी गाडी हलकी हवी म्हणून आधीच्या शर्यतींत तू ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घ्यायचास, एकाला पुढे जाऊ द्यायचास आणि चौथा यायचास. मुद्दाम!

"मग जिंकलास?"

"धुकं पडलं. शर्यतच झाली नाही. पुढच्या वर्षी कंपनीने टीम बंद केली. बाप टीमच्या फोरमनला विचारत राहिला, माझा मुलगा मंद आहे का?"

मला हसावं की रडावं कळेना. तू मात्र गवत चाचपत होतास. नंतर एका मोसमासाठी इथे न्यूझीलंडला आलास, मार्गारेट भेटली, राहिलास. इथेही जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायचास, आणि मार्गारेट सांगते, इथे एकदाही पाय काढला नाहीस. वजन टाकलं तर टाकलं! दोनदा जिंकलास, एकदा कुंपणात घुसलास. हे फोटो का नाही लावलेस रे भिंतीवर?

किल्ली तुलाच सापडली. माझ्या हातात देताना म्हणालास, "तुझं गॅरेज होईपर्यंत ती मुलगी थांबेल? तिला विचारलंस?" मी किल्ली तुझ्याकडेच सरकवली. परत येताना गाडी तूच चालवलीस, किती हळू! मागची म्हातारी हॉर्न मारत होती.

तरी मी मंजिरीच्या बाबांना सांगितलं नाहीच. माझा स्वभाव तुला माहीत आहे. आता पुण्याचा एक मुलगा आलाय, ऑकलंडला आयटीत नोकरी लागलेला. आज दुपारी रोटोटुनाला तिच्या घरी, तिला बघायला, चहाला येतोय. सकाळी मंजिरीचा मेसेज आला: "तो चारला येणार. तू त्याआधी बाबांशी बोललास तर मी तुझ्या बाजूला उभी राहीन. नाही बोललास तर तुझ्यासाठी भांडणार नाही." किती साधं मांडलंय तिने! कदाचित बाबा मला हाकलून देतील. कदाचित तो मुलगा खरंच चांगला असेल. तेच जास्त भीतीचं आहे.

मार्गारेट मघाशी डोकावली. "अजून इथेच? जा ना, लव्ह. हाइनर असता तर तुला ढकलून बाहेर काढलं असतं." तिचे डोळे सुजलेत. दुपारचं जेवण मी संध्याकाळी घेऊन येतो, असं वेड्यासारखं काहीतरी बोललो तिला. ती हसली.

काका, एक वचन देतो. मी आवाज चढवणार नाही. कॉलेज सोडलंय, हातांना ग्रीसचा वास येतो, मंजिरीवर प्रेम आहे, ह्याच क्रमाने सांगेन. ते काय म्हणतील ते शेवटपर्यंत ऐकेन, मध्येच उठून जाणार नाही. आणि निकाल काहीही लागो, उद्या सकाळी गॅरेज उघडायला मीच येईन.

साडेतीन वाजले. हात धुतलेत. निघतो, दार लावून घेतो.

तुझा,
निखिल