सिनेटरची टोपी

शारजा, नोव्हेंबर

तीर्थरूप आईस, सत्यजितचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

फोनवर आवाज फुटत नाही, म्हणून गावी निघालेल्या संजयच्या हाती हे पत्र देतोय. मी बरा आहे. तू दोन्ही वेळा जेवतेस ना?

आबा गेले तेव्हा आमच्या कारखान्यात अमेरिकेतल्या एका सिनेटरच्या टोप्यांची ऑर्डर सुरू होती. तो पुन्हा निवडणुकीला उभा होता. मॅनेजर म्हणाला, "इलेक्शन खलास, फिर छुट्टी." तिकडे प्रसन्नदादाने अग्नी दिला. मी इथल्या सलूनमध्ये मुंडण करून मशीनवर बसलो. उघडं डोकं बघून मॅनेजरनेच त्यातली एक टोपी दिली. ती घालून तेरा दिवस मी त्या माणसाचं नाव शिवत होतो.

काल कळलं, तो पडला. मला रडू आवरेना. रूममधले हसले, "हबीबी, तेरा कौन लगता था?"

सुट्टी मिळाली. सोमवारी येतोय. डोक्यावर केसही आलेत आता.

एवढंच कर आई, दार उघडल्यावर सवयीने आत वळून "अहो, बघा कोण आलंय" असं म्हणू नकोस.

तुझा,
सत्यजित