अंगणातून उडी आज

मु. बोरखेडे, ता. भडगाव
६ जुलै २०२५

चि. नूतन हीस,
अ. उ. आ.

तुमच्या शाळेने पोरींचे फोन काढून कपाटात घातले, असं तुझ्या बापाने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज भरून आला होता आणि हातात फोन होता. मला तर बरं वाटलं. उन्हाळ्यात महिनाभर घरी होतीस, पण मला दिसला तो तुझा नुसता भांग. तोंड कायम खाली.

आता बोलायचं तर कागदावर. मी तिसरी शिकलेली बाई, अक्षर कोंबडीच्या पायाचं. लागलं नाही तर उजेडात धरून वाच.

इकडे बठ्ठं ठीक शे. तुझा बाप केळीला पाणी द्यायला जातो, फोनमध्ये केळीचाच भाव बघत बसतो, आणि पाणी बांधापलीकडच्या रुपचंदच्या कपाशीत शिरतं. रुपचंद खुशीत आहे.

लोभ आहे. वाढेल की आटेल, ते तुझ्या उत्तरावर.
तुझी आजी, कुंदाबाई

धुळे, ११ जुलै

हाय आजी,

तुझं पत्र उजेडात धरलं, तरी एक कोडं सुटलं नाही. माझ्या नावाखाली अ, उ, आ असं का लिहिलंस? पेन चालतं का ते बघत होतीस, की मुळाक्षरं विसरायला लागलीस? मधले इ-ई कुठे गेले? माझी मैत्रीण मोहिनी म्हणते, वय झालं की असं होतं, आपण रागवायचं नाही.

फोन गेल्यावर पहिले दिवस वाईट गेले. हात सारखा खिशात जायचा. जेवताना सगळ्या भिंतीकडे बघायच्या. मग कंटाळून बोलायला लागलो. मोहिनी वर्षभर माझ्या शेजारच्या कॉटवर झोपते, पण ती गाते हे मला परवा कळलं. चांगलं गात नाही, पण गाते.

आमच्या रेक्टर मेघा मॅडम मात्र फार कडक आहेत. हसलं तरी कारण विचारतात.

बाय,
नूतन

बोरखेडे, १६ जुलै

चि. नूतन हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुरतं लिहिलं, दिसलं? त्याचंच ते अ. उ. आ. तुम्ही फोनवर जीएम नि एचबीडी लिहिता ती हुशारी, आणि आम्ही आखडतं लिहिलं की आमचं डोकं फिरलं काय वं माय? मोहिनीला सांग, आजीची इ-ई जागेवर आहेत, तिने आपली शोधावी.

आणि 'हाय' आपल्यात छाती बडवताना म्हणतात. मी अजून जिवंत आहे. मोठ्यांना शि. सा. न. लिहायचं, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार. बरोबरीच्यांना सा. न. वि. वि. शेवटी 'लोभ असावा'. तिसरीत मास्तरांनी छडीने शिकवलं, तुला फुकट मिळतंय.

शिकलीस तर लोभ. नाही शिकलीस तरी लोभ, पण उरलासुरला.
आजी

धुळे, २३ जुलै

ती. आजीस,
शि. सा. न.

घोळ झाला आहे. तुझं अ. उ. आ. मी मोहिनीला शिकवलं, तिने बाकीच्यांना, आणि आता होस्टेलभर चिठ्ठ्या फिरतात. वर अ. उ. आ., मध्ये 'कचोरीचं काय ठरलं', खाली 'लोभ असावा'. बरोबरीच्यांना आशीर्वाद द्यायचा नसतो हे माहीत आहे, पण द्यायला मजा येते.

काल मेघा मॅडमनी मूठभर चिठ्ठ्या पकडल्या आणि स्वतःच अर्थ लावला : अंगणातून उडी आज. खाली लोभ, म्हणजे भिंतीपलीकडे कुणीतरी उभा असणारच. मी तुझं पत्र दाखवलं, तर म्हणाल्या की हे मोठ्या माणसाचं अक्षरच नाही, तूच डाव्या हाताने लिहिलंस. पोस्टाच्या शिक्क्याचं पाकीट मी टाकून दिलं होतं.

महिनाअखेरपर्यंत घरच्यांनी खुलासा केला नाही, तर होस्टेलमधून माझं नाव काढणार आहेत. आबांना, म्हणजे तुझ्या लेकाला, कळलं तर ते मला घरीच बसवतील, आणि गावात सातवीपुढे शाळा नाही. आजी, मला नववी इथेच करायची आहे. काहीतरी कर.

लोभ असावा, आत्ता तर जास्तच असावा.
नूतन

बोरखेडे, २५ जुलै

चि. नूतन हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे कार्ड उघडंच टाकते, म्हणजे तुझ्या मॅडमना फोडायचा त्रास नको. त्या वाचतीलच, म्हणून पुढचं त्यांनाच.

बाई, फोन बंद केलेत ते बेस केलंत, मी तुमच्याच बाजूची. पण पोरीचं तोंड फोनमधून वर आलं की ती बोलणार, लिहिणार, खिदळणार. तेही कपाटात घालाल तर कपाटं पुरायची नाहीत. अक्षर खोटं म्हणता, तर इतकं वाईट अक्षर मुद्दाम काढायला शिक्षण लागतं. माझं तिसरीतच सुटलं. पोस्टाचा शिक्का कुठला ते बघून घ्या. तरी पटलं नाही तर साठीच्या पुढच्या कुणालाही अ. उ. आ. विचारा. तुम्हाला सासरा असेलच.

एवढ्यावरही नाव काढायचं असेल तर मी स्वतः येते. पण मी आले की चार दिवस राहते.

लोभ दोघींवर, निम्मा-निम्मा.
कुंदाबाई

धुळे, ३१ जुलै

ती. आजीस,
शि. सा. न.

नाव राहिलं!

मॅडमनी कार्ड दारातच उभ्याने वाचलं. शिक्का बघितला. मग साक्रीला सासऱ्यांना, लीलाधरनानांना, फोन लावला. नाना इतके हसले की बाहेर आम्हाला ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, की लग्नात शालूबरोबर मी 'चि. सौ. मेघा हीस अ. उ. आ.' अशी चिठ्ठी घातली होती, तिचं तुला काय वाटलं होतं? पाच वर्षं मॅडम त्या चिठ्ठीला दुकानदाराची किमतीची खूण समजत होत्या! हे त्यांनी आम्हाला स्वतः सांगितलं, आणि सांगताना हसल्या. आम्ही कारण विचारलं नाही.

चिठ्ठ्या परत मिळाल्या. फोन कपाटातच आहेत. मॅडम नानांना पत्र लिहायला बसल्या तेव्हा वर काय लिहायचं ते मला विचारत होत्या. तू चार दिवस कधी येतेस, असंही विचारलं. घाबरून की मनापासून, ते कळलं नाही.

लोभ आहेच, तो रुपचंदकाकांच्या कपाशीसारखा फुकटात वाढावा.
तुझी नूतन

ता. क. काल संध्याकाळी आम्ही सगळ्या कचोरी खाऊन आलो. अंगणातून उडी मारून नाही, फाटकातून. मॅडम पुढे होत्या.